हळदीच्या कुकरावरची डिश

रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला जळबाच्या शेताच्या बांधावर अकरा गाठोडी रांगेनं मांडलेली होती. गाठोडं बांधायची तऱ्हा पाहिली की माणूस धमकावून राहिलं की खरंच निघालं हे कळतं. सैल गाठ असली तर मनधरणीला जागा असते. टोळीच्या मालकानं, रामसिंगनं, लांबूनच गाठी पाहिल्या. सात-आठ गाठी सैल होत्या. नानीबाईच्या गाठोड्याला मात्र दोन गाठी होत्या, एकीवर एक, आणि बाकीच्या बाया नानीबाईच्या गाठीकडं बघूनच आपली गाठ आवळणार हे त्याला बराबर ठाऊक होतं.

पलीकडं सेनगाव रस्त्याला लिंबाखाली उत्तमसिंगचा टेम्पो उभा होता. उत्तमसिंग रामसिंगच्याच तांड्यातला, त्याचाही हळद शिजवायचा कुकर, आणि त्याला यंदा बाया कमी पडलेल्या. तो कुणालाही बोलावत नव्हता. नुसती काच पुसत होता. त्या टेम्पोची काच एवढी स्वच्छ आजवर कुणी पाहिली नव्हती.

बायांचं म्हणणं एका ओळीचं होतं. चार वाजता टीव्हीवर पिक्चर सुरू होतो. चारला चित्र दिसलं तर थांबू, न्हाई दिसलं तर टेम्पोत बसू.

बाया गेल्या की रामसिंगकडं उरणार होता नुसता कुकर. म्हणजे चाकांवरचं लोखंड. चार ड्रम, मधे पाण्याची टाकी, खाली भट्टी, मागं धुराडं. ट्रॅक्टरला जोडून तो या शेतातून त्या शेतात ओढत न्यायचा, वाफेवर हळद शिजवायची, वावरात पसरायची आणि पुढं जायचं. पण ड्रम भरायचे बायांनी, झाकणं उघडायची बायांनी, पसरायचं बायांनी. जळबाची हळद अर्धी शिजली होती आणि अर्धी खणून ढिगात पडली होती. ढिगातली हळद चार दिवस तशीच राहिली की सुरकुतते. मग जळबा तिचा दोष उन्हाला देणार नव्हता. आणि हळदीच्या हंगामात एका शेतातली टोळी मोडली ही बातमी पुढच्या शेतात कुकरच्या आधी पोचते.

आता ही पिक्चरची भानगड मुळात आणली कुणी? बायांनीच. यंदा बोलणी करताना नानीबाईनं मजुरीबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणून रामसिंग मनातल्या मनात हसला होता. मग ती म्हणाली, दोन महिने रानात राहायचं, तर रविवारी चार वाजता काम बंद आणि टीव्ही चालू. रामसिंग हसायचा थांबला. पण कबूल झाला. बाकीच्या टोळ्या बाया शोधत हिंडत होत्या, आणि याच्याकडं टीव्ही आहे म्हटल्यावर अकराच्या अकरा चालून आल्या.

डिश बसवायला सेनगावचा चाँद पाशा आला होता. पाशा आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टेप, मग टीव्ही. आता दोन हजार सातात तो ही नवी सरकारी डिश बसवायचा, जिला महिन्याला काही भरावं लागत नाही. त्यानं कुकरच्या मागच्या कोपऱ्यावर, धुराड्यापासून दूर, एक पाइप बोल्टांनी आवळला आणि त्यावर डिश चढवली. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर छोटा इन्व्हर्टर, त्यावर डिशचा डबा आणि चौदा इंची काळा-पांढरा टीव्ही. मग पाऊण तास तो डिश इकडं बोटभर, तिकडं बोटभर हलवत राहिला आणि टीव्हीपाशी उभ्या रामसिंगला विचारत राहिला, आलं का, गेलं का. चित्र आल्यावर बोल्ट कसून म्हणाला, जागा बदलली की मला निरोप द्यायचा. बोल्टाला हात लावायचा न्हाई.

रामसिंगला हे पटलं नाही. जुन्या अँटेनाला टॉवरकडं तोंड लागायचं, हे त्यालाही माहीत होतं. पण डिश तर वर बघते. आभाळाला कुठं दिशा असते? पाऊण तासाचं हलवणं म्हणजे दर मुक्कामाला पाशाची फेरी पक्की करायचं नाटक, असा हिशेब त्यानं मांडला. चित्र चालू असतानाच त्यानं कळमनुरीहून आलेल्या एका वेल्डिंगवाल्याकडून पाइप कुकरच्या सांगाड्याला झाळून घेतला. एकदा शिकली की शिकली, आता हलायचं कामच न्हाई. वर सेनगावच्या हॉटेलात चार लोकांत हेही बोलून टाकलं की पाशाभाई डिश न्हाई, गिऱ्हाईक हलवतो. सेनगावात असं वाक्य, बोलणाऱ्याचा चहा थंड व्हायच्या आत, ज्याचं त्याला पोचतं.

आणि मजा अशी की पुढच्या दोन मुक्कामांना चित्र आलं. रामसिंग चाकाखाली एखादी वीट सरकवायचा, पहारीनं कुकर जरासा ढकलायचा, की आलंच चित्र. त्याला वाटायचं, लेव्हल जमली. लेव्हल तशीही बघावीच लागते, नाहीतर पाणी एका अंगाला जातं. आपण पाशाला मोडीत काढलं, या आनंदात तो पंधरा दिवस होता.

जळबाच्या शेतात चित्र आलं नाही. एक वीट झाली, दोन झाल्या, सात झाल्या. कुकर बैलासारखा गुडघे टेकून बसल्यागत दिसायला लागला, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या.

नानीबाईला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. भट्टीचं तोंड पूर्वेला नव्हतं.

रामसिंगचा बाप उघड्या कढईत हळद शिजवायचा, तेव्हापासूनची रीत होती. नव्या जागी भट्टीचं तोंड उगवतीला करायचं, पहाटे निखाऱ्यावर तूप-गूळ टाकून भोग लावायचा, ज्वाळ सरळ उठली की जागेनं आपल्याला घेतलं असं समजायचं आणि मगच पहिला ड्रम भरायचा. पण जळबाच्या शेतात पूर्वेला त्याच्या वडिलांची समाधी होती. जळबा म्हणाला, तुमची रीत तुमच्यापाशी, पण भट्टीची आग माझ्या बापाच्या तोंडावर न्हाई पाहिजे. रामसिंग आदल्या संध्याकाळी एकटाच ट्रॅक्टर घेऊन आला होता; त्यानं कुकर मुकाट्यानं फिरवून तोंड मावळतीला केलं. मावळतीला भोग कसा लावतात हे त्याला माहीत नव्हतं. जळबा पहाटे उठल्यापासून मागं उभा, ढीग दाखवत. त्यानं भोग लावलाच नाही. सकाळी जीपनं बाया आल्या. तोंड मावळतीला बघून नानीबाई जागच्या जागी थांबली, तेव्हा तो म्हणाला, भोग लावला, ज्वाळ सरळ उठली, देवीची हरकत न्हाई.

एवढंच खोटं. दोन घमेली हळदीएवढंही त्याचं वजन नव्हतं. पण त्याच संध्याकाळपासून टीव्ही गेला.

नानीबाई काही उठल्या-सुटल्या अंगात येणारी बाई नव्हती. तिच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगाळलेल्या कागदासारखी होती. मागच्या साली दुसऱ्या एका टोळीत ड्रमाचं झाकण उडालं होतं, वाफ कोंडली होती. त्याच्या आदल्या दिवशी त्या कुकरची शिट्टी वाजली नव्हती आणि सगळे म्हणाले होते, वाजंल उद्या. तेव्हापासून एखादी गोष्ट बंद पडली की ती बाकीच्या गोष्टींकडं बघायला लागायची.

पाशा आला तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. रामसिंगनं सकाळी रस्त्यावरून फोन केला होता. पाशा आधी म्हणाला होता, वेल्डिंगवाल्याला बोलव, मग म्हणाला होता, जेवून बघतो. तो एम-एटी गाडीवरून उतरला, शेतात चार पावलं आला, कुकरकडं एकदा पाहिलं. एकदाच. मग बाभळीच्या सावलीला बसला आणि चहाचं विचारलं.

रामसिंगनं चहा ठेवायला सांगितलं. बाया गाठोड्यांपाशी बसून बघत होत्या. पाशानं बशी फुंकली, पाऊसपाणी काढलं, यंदाच्या हळदीच्या रंगाची तारीफ केली. टीव्हीचं नाव नाही. रामसिंगनं हे सगळं गिळलं. गिळताना त्याला आपलं हॉटेलातलं वाक्य शब्दाशब्दानं आठवत होतं, आणि पाशाला ते याहून चांगलं पाठ आहे हेही दिसत होतं.

"पाशाभाई," तो शेवटी म्हणाला, "चुकलं माझं. हॉटेलातलं."

"कोणतं हॉटेल?" पाशा म्हणाला. बशी खाली ठेवली. "ऊठ. दाखवतो."

कुकरच्या मागं नेऊन त्यानं रामसिंगला डिशच्या पाठीशी उभं केलं. त्याचा आवाज खाली आला. हा उपग्रह एकाच जागी असतो, म्हणाला, आग्नेयेला, उगवती आणि दक्षिणेच्या मधे, वर. बायकांची चूल असते ना, त्या कोपऱ्याच्या वर. तुझी डिश त्याच्याकडं पाठ करून बसली. ती अजिंठ्याची लेणी बघून राहिली.

"पन मागच्या दोन्ही जागी..."

"मागच्या जागी भट्टी कुठं होती?"

रामसिंगनं भट्टीकडं पाहिलं, मग डिशकडं, मग समाधीकडं. कुकर फिरवला तेव्हा डिश कुकरबरोबर फिरली होती. झाळली होती म्हणून फिरली होती. पंधरा दिवस त्याची विद्या, वीट आणि पहार, बापाच्या रितीच्या जिवावर चालली होती.

"कुकर फिरव," पाशा म्हणाला.

ते जमण्यासारखं नव्हतं. टाकीत पाणी गरम होतं, भट्टीत निखारे होते, आणि समाधीपाशी जळबा कालपासून खाट टाकून बसला होता, जणू बापाची राखण. मग पाशानं पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली. ती तो घरूनच घेऊन आला होता. म्हणजे त्याला फोनवरच कळलं होतं, आणि तरी त्यानं जेवण केलं, चहा घेतला, हळदीची तारीफ केली. रामसिंगनं मनातल्या मनात हे देणं फिटल्याचं मान्य केलं आणि करवत हातात घेतली.

साडेतीन. वेल्डिंग चांगलं झालं होतं. चांगलं काम कापायला किती वेळ लागतो हे रामसिंगला त्या दिवशी कळलं. पातं तापलं, एक तुटलं, पाशानं दुसरं दिलं. दोघं आलटून पालटून करवत चालवत होते. रस्त्यावर उत्तमसिंगनं काच पुसणं थांबवून एकदा हॉर्न वाजवला, नुसता वाजतो का बघायला. गाठोड्यांपाशी दोन बाया उठून उभ्या राहिल्या.

"एक सांगू का," करवतीच्या आवाजाखाली पाशा म्हणाला. "चित्र तर मी आणतो. तू त्यायला सांग, देवी पावली. माझं काही जात न्हाई."

रामसिंगनं करवत चालूच ठेवली. पण हा विचार पाशाच्या आधीच त्याच्या डोक्यात येऊन बसला होता, आणि चांगला ऐसपैस बसला होता.

चारला दहा कमी असताना पाइप सुटला. पाशानं तो हातातच धरला, खांद्याला टेकवला आणि डिश आग्नेयेकडं वळवली. रामसिंग टीव्हीपाशी धावला. आता पाशा हलवत होता आणि रामसिंग सांगत होता, आणि पंधरा दिवसांपूर्वी ज्याला तो नाटक म्हणाला होता त्यातला प्रत्येक बोटभर आता तो स्वतः मोजत होता. न्हाई. न्हाई. थोडं वर. न्हाई. आवाज आला, गेला. चार वाजले. तिसरी बाई उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि तिच्यामागं पहिल्या दोघी बांधावरून चालू पडल्या. रामसिंगनं मान वळवली नाही. आवाज पुन्हा आला, फुटका, मग सलग.

"थांब," तो म्हणाला. "तिथंच थांब."

पडद्यावर एक बाई विहिरीवर पाणी शेंदत होती. पिक्चर सुरू होऊन चार-पाच मिनिटं झाली असतील.

पाशानं पाइप दोन दगडांच्या बेचक्यात रोवला, तारेनं आवळला. एकेक बाई टीव्हीपुढं येऊन बसायला लागली. कुणीतरी गाठोडं सोडून तक्क्यासारखं पाठीला घेतलं. गेलेल्या तिघी परत आल्या नाहीत. त्या टेम्पोत चढल्या होत्या. आठ राहिल्या. आठ बायांत कुकर चालतो. रामसिंगनं गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास सोडला.

मग त्याच्या लक्षात आलं की बसलेल्या सात आहेत.

नानीबाई कुकरपाशी उभी होती. तिचं गाठोडं अजून बांधावर, दोन गाठींसकट. भाजलेला हात तिनं पहिल्या ड्रमाच्या झाकणावर ठेवला होता.

"याडी, ये ना," रामसिंग म्हणाला. तांड्यात सगळेच तिला याडी म्हणायचे, आई. "सुरू झाला पिक्चर."

"दिसून राहिला मला." ती हलली नाही. "देवी रुसली नव्हती म्हण की."

"न्हाई ना. डिशचं तोंड फिरलं होतं. पाशाभाईला विचार."

"मंग भोग लावला होतास तू."

त्यानं फक्त मान हलवायची होती. चित्र त्याच्या बाजूनं बोलत होतं, पाशा त्याच्या बाजूनं बोलला असता. खोटं आता खऱ्यासारखं कोरडं होऊन पडलं होतं, उचलून पोत्यात भरायचं तेवढं बाकी.

"तू व्हय म्हण," नानीबाई म्हणाली, "आन उद्या सकाळी हे झाकण मी उघडते. तुझ्या शब्दावर. रोज तुझ्याच शब्दावर उघडून राहिले. शिट्टी नवी बसवली म्हणतोस, त्यावर. काटा बराबर म्हणतोस, त्यावर. म्हणून विचारते. पिक्चर काय, पिक्चर माझ्या सुनंच्या घरी बी दिसतो."

टीव्हीपुढच्या दोघीतिघींनी माना वळवल्या. पाशा पिशवी आवरता आवरता थांबला. रामसिंगला तो हात दिसत होता, झाकणावर पसरलेला. ती हातानं नुसतं बोट दाखवत असती तर कदाचित तो व्हय म्हणून गेला असता.

"न्हाई लावला," तो म्हणाला.

"काहून?"

"मावळतीला कसा लावतात ते म्हाईत न्हवतं. आन घाई. आन तुमी थांबल्या असत्या."

"थांबलो असतो," नानीबाई म्हणाली. "एक घंटा."

पडद्यावर कुणीतरी गाऊ लागलं होतं. कुणी तिकडं बघत नव्हतं. नानीबाईचं बोलणं संपलं असं रामसिंगला वाटलं आणि ती बांधाकडं वळेल म्हणून तो बघत राहिला. ती वळली नाही. म्हणाली, एक खोटं निघालं. आता दुसरं आहे का ते बघू दे. शिट्टी वाजवून दाखव.

निखारे होते, पाणी गरम होतं. रामसिंगनं चारही झाकणं आवळली, वाफेचे कॉक बंद केले आणि भट्टीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबल्या. बायांना त्यानं ढिगापलीकडं जायला सांगितलं. पाशाला सांगायला लागलं नाही; तो आपला एम-एटीच्या पल्याड होता. जळबाही खाटेवरून उठून बापाच्या समाधीमागं उभा राहिला.

रामसिंग वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यापुढं उभा राहिला, हातभर अंतरावर. शिट्टी खरोखर नवी होती. हिंगोलीहून त्यानं स्वतः आणली होती, स्वतः बसवली होती. पण ती वाजलेली त्यानंही ऐकली नव्हती, कारण आजवर कधी वाजू दिली नव्हती. काटा तिथपर्यंत जायच्या आधीच तो वाफ ड्रमात सोडायचा. म्हणजे बायांना रोज जे छातीठोक सांगितलं, ते त्यालाही कागदावरच माहीत होतं. हे त्याला आत्ता, इथं, काट्यापुढं उभं राहून कळलं.

काटा हिरव्या रेघेवर आला. मग हिरव्या-तांबड्याच्या मधे. टाकीत काहीतरी ठणठणलं. कपाळाचा घाम डोळ्यात उतरला, पण पुसायला हात वर केला तर बायांना तो मागं सरतोय असं वाटेल, म्हणून त्यानं तो तसाच राहू दिला. काटा तांबड्या रेघेला टेकला. काही झालं नाही. काटा रेघेच्या केसभर पुढं गेला. रामसिंगच्या पायांनी जायचं ठरवलं होतं. तो त्यांना धरून उभा होता.

मग शिट्टी सुटली. आधी खोकल्यासारखी, लगेच पूर्ण गळ्यानं. वाफेचा खांब धुराड्याच्या वर गेला, लिंबावरचे कावळे उठले आणि रस्त्यावर उत्तमसिंग टेम्पोतून खाली उतरला. काटा थरथरत रेघेच्या अलीकडं आला आणि तिथं राहिला.

शिट्टी थांबल्यावर टीव्हीचा आवाज पुन्हा ऐकू आला. नानीबाई बांधापर्यंत चालत गेली, गाठोडं उचललं. रामसिंग बघत होता. तिनं ते टीव्हीपाशी आणून ठेवलं. गाठी सोडल्या नाहीत.

"आज दिवस मावळताना भोग लाव," ती म्हणाली. "मावळतीची भट्टी, तर मावळतीला लाव. ज्वाळ कशी उठते ते मी बघंन. आन उद्यापासून दर मुक्कामाला पहिलं झाकण तू उघडायचं. शिट्टी वाजवून. मंग आमी."

"उघडतो."

"तीन बाया कमी हायत. त्यायचं घमेलं बी तूच उचल."

टेम्पो निघून गेला. उत्तमसिंगनं जाताना हॉर्न वाजवला नाही. पाशानं एम-एटीला किक मारण्याआधी पिशवीतून बोल्ट उघडायचा पाना काढला, तेल लावलेला, चिंधीत गुंडाळलेला, आणि रामसिंगच्या हातावर ठेवला. नवा पाइप उद्या पाठवतो, म्हणाला, बोल्टांचा. सावली कुठं पडते त्यावरून आग्नेय धरून फिरवत जा, आन न्हाईच आलं तर मंग मला बोलव.

"चहा घेऊन जा," रामसिंग म्हणाला.

"झाला ना मघाशी."

संध्याकाळी रामसिंगनं मावळतीकडं तोंड करून निखाऱ्यावर तूप-गूळ टाकला. वाऱ्यानं ज्वाळ आधी वाकडी झाली, मग सरळ. नानीबाईनं ती शेवटपर्यंत पाहिली. आपल्या जागी जाऊन तिनं गाठोड्याची वरची गाठ सोडली. खालची तशीच ठेवली.

सकाळी शिट्टी वाजली. आठ बाया दहा पावलं लांब उभ्या होत्या. रामसिंगनं वाफ सोडली, फडकं हाताला गुंडाळलं, तोंड बाजूला केलं आणि पहिलं झाकण उघडलं.